गुरांच्या गळ्याला सरकफास नको, ही गाठ मारा
बैलाने हिसका दिला की सरकफास गळ्यात रुततो, बोलाइन गाठ आवळत नाही. टोकाला फाशापुरता आणि वर वीतभर जास्त दोर सोडून छोटा वेढा घ्या, त्यात टोकाकडची बाजू वर हवी (इथंच सगळे चुकतात), मग टोक गळ्याभोवती फिरवून त्या वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून वळवा आणि परत त्याच वेढ्यात खाली घालून घट्ट ओढा. जळगावच्या रावेर-यावलकडे केळीचं झाड पडू नये म्हणून दोराने ताणून बांधायलाही मस्त, कितीही ओढ बसली तरी नंतर सुटते पटकन, पण ताण असताना सोडायला जाऊ नका, नाही सुटणार. नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो, ढिला पडला की निसटतो, म्हणून उरलेल्या शेपटीची फाशाला एक साधी गाठ माराच.