नळी न फोडता आतलं बघायचं, आणि मे महिन्यात गायब झालेला बुडबुडा

एमएस्सी जिऑलॉजीनंतर मी खडकांत अडकतात तसे द्रव-गॅसचे नमुने लॅबमध्ये बनवून तपासायच्या कामात पडलो तेव्हा आईला एवढंच कळलं होतं की पोरगा काचेच्या नळ्या वितळवतो, तसं खोटं नव्हतं ते.

प्रयोगासाठी द्रव सोन्याच्या बंद कॅप्सूलमध्ये भरतात, तर नवीन मुलं पहिल्यांदा विचारतात की त्यातलं द्रव डायरेक्ट का बघत नाही. अहो, आपण रामनने बघतो, म्हणजे लेसर मारून विखुरलेल्या उजेडावरून आत कोणते रेणू आहेत ते ओळखतो, आणि लेसर सोन्यातून जात नाही. भोक पाडलं तर गॅस पळतो. मग एक तर आत तडे गेलेलं क्वार्ट्झ ठेवायचं, तडे भरताना द्रव अडकतं, नाहीतर सिलिकाची बारीक नळी घ्यायची, द्रव नायट्रोजनने आतला कार्बन डायऑक्साइड गोठवून ज्योतीवर टोक बंद करायचं. नळीवरचं प्लास्टिक कोटिंग आधी नीट जाळून घ्या, राहिलं तर ते लेसरखाली स्वतःच चमकतं, आणि त्या फ्लोरोसन्सच्या उजेडात रामनचे पीक, म्हणजे आलेखातले सुळके, बुडतात.

आता माझी फजिती. रत्नागिरीच्या खोलीत नळी मायक्रोस्कोपखाली ठेवलेली, द्रव आणि गॅसचा बुडबुडा यांच्यातली रेघ मस्त दिसत होती, मेची दुपार, लाइट गेली, एसी बंद, अर्ध्या तासाने मोबाइलच्या टॉर्चवर बघतो तर रेघच नाही. लीक! मी हताश, आठवड्याची मेहनत गेली म्हणून. शेजारी चहा घेत बसलेले लॅबवाले काका म्हणाले, "थांब रे, लाइट येऊ दे." आली, खोली थंड झाली, आधी आत धुकं पसरलं आणि मग रेघ परत आली.

कार्बन डायऑक्साइडचं क्रिटिकल तापमान 31.1 अंश, खोली त्याच्या वर गेली की द्रव-गॅस वेगळे राहतच नाहीत. पुस्तकात वाचलेलं, पण घामाने शर्ट भिजल्यावरच कळलं.

म्हणून आता मी रामनला नेल्यावर नळी मुद्दाम 33 पर्यंत तापवतो. साधारण 1285 आणि 1388 वेव्हनंबरला (रामनच्या आलेखाचं माप) कार्बन डायऑक्साइडचे दोन पीक दिसतात, घनता वाढली की त्यांच्यातलं अंतर वाढतं. रेघ असताना मोजलं तर लेसर बुडबुड्यावर एक आकडा देतो, द्रवावर दुसरा, आणि तुम्ही भलताच लिहून बसता. आधी नळी एकजीव करा, मग मोजा.

द्रवात मीठ असेल तर ते मात्र रामनला थेट दिसत नाही, त्यासाठी नळी गोठवून मग हळूहळू तापवत आतलं कधी वितळतं ते बघावं लागतं, फक्त पाणी-मीठ असेल तर पहिलं वितळणं उणे 21.2 ला सुरू होतं. आणि प्रत्येक फोटोवर खोलीचं तापमान लिहा, मी पेन्सिलने लिहितो, मेमध्ये पेनाची शाई घामाने फिसकटते.