मागे सामान वाढलं की हँडल थरथरतं?

मोटरसायकलवर मागे माणूस आणि बॅगा असल्या की ७०-८० च्या वेगात हँडल डुगडुगतं. दोष बऱ्याचदा पुढच्या चाकात नसतोच. मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि पुढचं टोक हलकं पडतं.

१. टायर थंड असताना हवा बघा. मागच्या टायरला डबलसीटचा आकडा वेगळा असतो.

२. मागच्या शॉकच्या स्प्रिंगला टेकून खाचांची फिरती रिंग असते. टूलकिटमधल्या हुकवाल्या पान्याने ती एक-दोन खाचा कडक करा. गाडी मेन स्टँडवर, सामान उतरवलेलं असेल तर रिंग सहज फिरते. एकटे जाताना परत सैल करा, नाहीतर खड्ड्यांत कंबर धरेल.

३. जड बॅग कॅरियरच्या टोकावरून काढून टाकीवर घ्या. हा बदल फुकटचा, आणि माझ्या मते सगळ्यांत गुणकारी.

४. तरीही थरथर राहिली तर पुढचं चाक अधांतरी करून फोर्कची (चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं पुढेमागे हलवा. खटखट जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. तो गॅरेजमध्येच आवळून घ्या.

डाव्या-उजव्या शॉकची खाच अगदी सारखी ठेवा. फरक राहिला तर गाडी वळणावर आणखी बिथरेल.