दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. "सहा महिने होऊ द्या, मग प्रमाणपत्राचं बघू," असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तोवर थोडीफार सुधारणा होत असते, दिव्यांगत्वाचा टक्का पक्का ठरत नाही. सहा महिने झाल्यावर स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरला, रुग्णालय निवडलं आणि तारीख मिळाल्यावर बाबांना घेऊन गेलो.

तिथे इलाज होत नाही, मोजमाप होतं, हे मनाशी पक्कं करून जा. आजाराचं नाव मोठं म्हणून टक्के जास्त, असंही नसतं. त्या आजाराने शरीराचं काय आणि किती गेलं, ते बघतात. बाबांचा खांदा किती वर जातो, कोपर किती वाकतं, हे कोनमापकासारख्या पट्टीने मोजलं. मग "माझा हात ढकला" म्हणून ताकद पाहिली, तिला शून्य ते पाच अशी श्रेणी असते. नंतर चालायला लावलं. कानाचा त्रास असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची चाचणी होते; लहान मुलांची बेरा होते, त्यात आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने पाहतात. नजर तपासतात ती चष्मा लावून. बौद्धिक अक्षमता असेल तर मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, त्याला वेळ लागतो, मुलाला खाऊपिऊ घालून न्या.

आमचं घोडं अडलं ते प्रश्नांपाशी. "शर्ट स्वतः घालता का?" डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, "हो, जमतं." त्या सकाळी आईने त्यांची सगळी बटणं लावली होती. बाबा खोटं बोलत नव्हते. आयुष्यभर कुणापुढे "जमत नाही" म्हटलेलं नाही, तेच तोंडून निघालं. मी म्हटलं, "डॉक्टर, बटणं आई लावते." डॉक्टरांनी वरचं एक बटण काढलं आणि म्हणाले, "लावून दाखवा बरं." बाबांची बोटं बटणावरून तीनदा घसरली. मग त्यांनी आईकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

म्हणून सांगते, आदल्या रात्री घरच्या माणसांनी बसून लिहून काढा: आंघोळ, जेवण, जिना, संडास, रात्री कूस बदलणं. कोणती गोष्ट एकट्याने होते, कोणत्या गोष्टीला माणूस लागतो, किती वेळ लागतो, नंतर किती दमायला होतं. चांगल्या दिवसाचं लिहू नका, नेहमीच्या दिवसाचं लिहा. काठी, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), श्रवणयंत्र जे रोज वापरता ते सोबत न्या. आणि वाढवून कधीच सांगू नका. लंगडण्याचं सोंग अनुभवी डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं, मग खऱ्या त्रासावरही विश्वास बसत नाही.

कागदांत आधार, फोटो, अर्जाची प्रिंट, जुनं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा एक्स-रेचे रिपोर्ट, सगळ्यांच्या झेरॉक्स आणि मूळ प्रती. केसपेपरच्या रांगेत माणूस उभा करा आणि रुग्णाला बाकावर बसवा.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. ४० आणि २० मिळून ६० धरत नाहीत, ठरलेल्या सूत्राने ते साधारण ५१ होतात. हे ऐकून मन खट्टू करून घेऊ नका, ती चूक नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. प्रमाणपत्रासोबत मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा (यूडीआयडी कार्डाचा) रंगही टक्क्यांवर ठरतो: ४० च्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. टक्का फारच कमी वाटला तर त्याच कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येतं. जुने रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवा.

प्रमाणपत्र हातात आलं की नाव, जन्मतारीख, शरीराची बाजू नीट वाचा. आमच्याकडे उजव्याच्या जागी डावं छापून आलं होतं आणि दुरुस्तीसाठी पुन्हा खेप पडली. ते कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, तेही पाहा. मुदतीचं असेल तर ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या आधीच पुन्हा अर्ज करा.