खासदाराचं सभागृहातलं काम तपासताय? मग या चुका टाळा

अधिवेशन संपलं की चौकाचौकांत फलक लागतात. इतके प्रश्न विचारले, इतके टक्के हजेरी, मतदारसंघाचा आवाज संसदेत घुमला. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर दुसरं काहीतरी फिरत असतं: साहेबांनी पाच वर्षांत तोंडही उघडलं नाही. बहुतेक वेळा दोन्हीकडच्या लोकांनी मूळ कागद उघडलेला नसतो. मंत्र्यांची भाषणं वर्तमानपत्रं छापतात, पक्षनेत्यांची वाहिन्या दाखवतात. मागच्या बाकावरच्या खासदाराने काय केलं, हे मात्र आपण मतदारांनी शोधल्याशिवाय कळत नाही. बरीच वर्षं हे कागद वाचताना ज्या चुका माझ्या हातून झाल्या आणि इतरांच्या हातून होताना दिसल्या, त्या इथे लिहितो आहे.

प्रश्नांचा आकडा बघून निकाल देणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदीत, ठेवलं जातं. यादीत कोणाचा प्रश्न कुठे लागणार हे चिठ्ठीवर ठरतं, आणि प्रश्नोत्तराच्या तासाभरात 20 पैकी मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. त्यामुळे एखाद्याचे तोंडी प्रश्न कमी दिसले तर त्यात नशिबाचाही वाटा असतो.

शिवाय सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच प्रश्नाखाली दोन-चार सदस्यांची नावं येतात. मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा होतो. मी एकदा दोन खासदारांच्या प्रश्नांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर कितीतरी प्रश्न शब्दन् शब्द तेच होते.

म्हणून प्रश्न वाचा. ‘कांदा उत्पादकांना दिलासा देण्यासाठी सरकारने कोणती पावलं उचलली?’ असं विचारलं की उत्तरात योजनांची यादी येते आणि विषय तिथेच मिटतो. ‘गेल्या तीन हंगामांत आमच्या जिल्ह्यातून नाफेडने किती कांदा घेतला, कोणत्या दराने, त्यातला किती सडला आणि किती शेतकऱ्यांचे पैसे थकले?’ असं विचारलं की मंत्रालयाला आकडे द्यावे लागतात, किंवा आकडे नाहीत असं लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या प्रकारचे दहा प्रश्न मला पहिल्या प्रकारच्या तीनशेंपेक्षा मोलाचे वाटतात.

प्रश्न विचारणं हे आपोआप पुण्यकर्म नाही, हेही लक्षात असू द्या. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांना संसदेतून काढून टाकलं होतं. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. एखादा खासदार आपल्या मतदारसंघाशी काडीचा संबंध नसलेल्या एकाच उद्योगाबद्दल पुन्हापुन्हा विचारत असेल, तर तेही नोंदवून ठेवा.

उलट, कमी बोलणारा म्हणजे निकामी असंही नाही. फिरोज गांधी 1952 साली निवडून आले आणि पहिली तीन वर्षं फारसे बोललेच नाहीत. ते सत्ताधारी काँग्रेसचे, त्यातून पंतप्रधानांचे जावई. पण डिसेंबर 1957 मध्ये ते लोकसभेत उभे राहिले ते आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे गुंतवल्याचा तपशील घेऊन. त्यातून न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. स्वतःच्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यावर ही वेळ मागच्या बाकावरच्या माणसाने आणली. प्रश्नांची नुसती संख्या मोजली असती, तर हे काम कुठल्या रकान्यात बसलं असतं?

हजेरीच्या टक्क्यांवर विसंबणं

हजेरी म्हणजे त्या दिवशी आल्याची नोंद. नोंद करून माणूस पाच मिनिटांत बाहेर पडला, तरी तो दिवस भरतो. मंत्री, अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते ही हजेरी नोंदवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढची मोकळी जागा पाहून ‘शून्य टक्के हजेरी’ असं लिहू नका. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. तुमचा खासदार मध्येच काही काळ मंत्री झाला असेल, तर तो काळ हिशेबातून वगळा. हजेरी फारच कमी असेल तर कारण जरूर विचारा. पण नव्वद टक्क्यांवरून मला तरी काहीच कळत नाही.

शून्य प्रहराची चित्रफीत म्हणजे काम फत्ते असं समजणं

समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त फिरतात त्या शून्य प्रहरातल्या, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेतल्या, चित्रफिती. मुद्दा खरा असतो, आवाज चढलेला असतो, मतदारसंघाचं नाव घेतलेलं असतं. पण शून्य प्रहरातल्या मुद्द्याला उत्तर देणं मंत्र्यावर बंधनकारक नसतं. म्हणून चित्रफीत पाहिली की पुढचं शोधा. तोच विषय नंतर लेखी प्रश्नात आला का? नियम 377 खाली (लोकसभेत असे मुद्दे मांडण्याची आणखी एक वाट) मांडला गेला का? अर्धा तास चर्चा मागितली का? एकदा बोलून सोडून दिलेला रेल्वे पूल आणि चार अधिवेशनं चार वाटांनी लावून धरलेला रेल्वे पूल, यांतला फरक कागदावर स्पष्ट दिसतो.

समित्यांकडे पाठ फिरवणं

माझ्या मते मागच्या बाकावरच्या खासदाराची खरी कसोटी इथे लागते, आणि इथेच आपण बघत नाही. संसदेत खात्यांशी जोडलेल्या 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री त्यांत बसू शकत नाही. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो. त्यामुळे टाळ्यांसाठी बोलण्यात अर्थ नसतो आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला समोर बसवून तासभर खोदता येतं. अर्थसंकल्प मांडल्यावर प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेला पैसा, याच समित्या तपासतात.

बंद दाराआड झालेलं आपल्याला कसं कळणार, असं वाटतं ना? अहवालाची शेवटची पानं उघडा. तिथे बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं ती नावं असतात. कोण काय बोललं ते बहुतेक वेळा नसतं, पण आपला माणूस आलाच नव्हता हे समजतं. एखाद्या सदस्याला अहवाल पटला नसेल, तर त्याची मतभिन्नतेची टिपणीही मागे जोडलेली असते. या टिपण्या जरूर वाचा. आपला खासदार नेमका कशाच्या बाजूने आहे, हे मला भाषणांपेक्षा तिथे जास्त कळलं आहे.

समितीचं नाव पाहूनही फसू नका. ‘अमुक समितीचे सदस्य’ असं फलकावर लिहिलेलं असतं, पण समित्यांची मुदत एक वर्षाची असते आणि माणसं बदलत राहतात. कोणत्या वर्षी, कोणत्या समितीवर, किती बैठकांना, एवढं तरी लिहून काढा. विधेयकं समित्यांकडे पाठवण्याचं प्रमाणही सारखं नसतं. 15व्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, 17व्या लोकसभेत सुमारे 16 टक्केच. विधेयक समितीकडे आलंच नाही, तर सदस्याने त्यावर समितीत काम केलं नाही हा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

मंजूर न झालेलं विधेयक वाया गेलं असं म्हणणं

खासदाराला स्वतःचं विधेयक मांडता येतं, त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. आजवर अशी 14 विधेयकंच कायदा झाली आणि त्यांतलं शेवटचं 1970 साली. तेव्हा ‘मांडलेलं एकही विधेयक मंजूर झालं नाही’ हा आरोप जवळपास सगळ्यांनाच लागू होतो. बॅरिस्टर नाथ पै यांचं उदाहरण घ्या. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निकालात म्हटलं. त्यानंतर 1967 मध्ये राजापूरच्या या खासदाराने, मूलभूत हक्कांच्या भागासह घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारं विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, पण ते मंजूर झालं नाही. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने 24वी घटनादुरुस्ती आणली, ती याच मुद्द्यावर. ही दुरुस्ती योग्य होती की नव्हती, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण विधेयक वाया गेलं असं कोण म्हणेल?

मतदानाचंही तसंच. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्वावर गदा येते, आणि बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होत असल्याने कोणी काय मत दिलं त्याची नोंदच राहत नाही. मताऐवजी सदस्याने कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या ते पाहा.

‘सापडत नाही, म्हणजे बोललेच नाहीत’

संसदेच्या संकेतस्थळावर भाषण सापडत नसेल तर आधी आपला शोध तपासा. नावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे टाका. इंग्रजीत नाही मिळालं तर देवनागरीत टाका. खासदार सभागृहात मराठीत बोलला असेल तर जुन्या कार्यवृत्तात (सभागृहातल्या कामकाजाची अधिकृत नोंद) बरेचदा भाषणाचा अनुवाद असतो, त्यामुळे तुम्ही ऐकलेलं मराठी वाक्य टाकून काही हाती लागणार नाही. तारीख धरून त्या दिवसाचं पूर्ण कार्यवृत्त उघडा. याच्या उलटही घडतं: लांबलचक भाषण छापलेलं असतं, पण ते लेखी स्वरूपात पटलावर ठेवलेलं असतं, प्रत्यक्ष केलेलं नसतं. तशी खूण तिथेच असते.

आमदाराचं काम तपासत असाल तर शब्द बदलतात. विधानसभेत लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, नियम 293 खालची चर्चा असे शब्द घेऊन शोधा. नुसतं ‘भाषण’ टाकून फार काही मिळत नाही.

उत्तर आलं की फाइल बंद करणं

‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.’ असं उत्तर दिसलं की लोक वैतागून पान उलटतात. मीही अशी कितीतरी पानं उलटली. पण हे वाक्य म्हणजे सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन असतं. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला दोन्ही सभागृहांच्या स्वतंत्र आश्वासन समित्या आहेत. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून ठेवा. तीन महिन्यांनी खासदाराच्या कार्यालयात साधं पत्र पाठवा: या प्रश्नाची माहिती आली का, आली नसेल तर आपण आश्वासन समितीला कळवलं आहे का? पत्राची पोच घ्यायला विसरू नका.