युवा सेवा क्लब चालवताय? या चुका टाळा

वर्षाच्या सुरुवातीला चाळीस नावं. तीन महिन्यांनी बैठकीला बारा जण. वर्ष संपता संपता उरतात ते अध्यक्ष, सचिव आणि त्यांच्यासोबत घरी जाणारे दोन मित्र. मग मार्गदर्शक म्हणतात, "हल्लीच्या मुलांना सेवेची आवडच नाही." हे वाक्य मीही एकेकाळी म्हटलंय. आता अशी गळती दिसली की मी आधी एकच गोष्ट तपासतो: या क्लबमध्ये ठरवतं कोण?

सगळं ठरवून झाल्यावर मुलांना बोलावणं

मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त काढा. मार्गदर्शकांच्या मनात आधी नव्हता, असा एखादा निर्णय त्यात सापडतो का बघा. नाही सापडला तर रोग कळला. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, पाहुणे ठरलेले. मुलांनी टी-शर्ट घालून यायचं आणि खुर्च्या मांडायच्या. संशोधक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं या तिच्या खालच्या तीन पायऱ्या. त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. आपल्या वार्षिक अहवालातले फोटो या शिडीवर लावून बघा, बरेचसे तळाशीच जातील.

आमच्या क्लबने एकदा वृद्धाश्रमात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. ठेवला होता म्हणजे मी ठेवला होता. मुलांनी महिनाभर तालीम केली. आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी मधेच डुलकी काढली. निघताना एका मुलीने सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यांतल्या बऱ्याच जणांना नातवंडांना व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे कोणीतरी न चिडता शिकवायला हवं होतं. पुढचा उपक्रम त्या मुलीने आखला. दर शनिवारी चार जण, एक तास, बॅनर नाही. तो वर्षभर चालला. माझं काम परवानगीच्या पत्रापुरतं.

म्हणून निदान एक छोटा उपक्रम खर्चासकट मुलांच्या ताब्यात द्या. रक्कम अशी असावी की पूर्ण वाया गेली तरी क्लब बुडू नये, पण हिशेब मांडताना खजिनदाराच्या पोटात गोळा यावा. बैठकीत मार्गदर्शकाने मागच्या रांगेत बसावं. सुरुवातीला सगळे मान वळवून तुमच्याकडे बघतील, मग अवघडलेली शांतता पसरेल. ती मोडायची नाही. मला हेच सर्वांत जड गेलं.

मग एकदम हात झटकणं

वरचं वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: "तुमचा क्लब, तुम्हीच बघा." हार्ट यांच्या शिडीची सर्वांत वरची पायरीसुद्धा मोठ्यांना बाहेर काढत नाही. तिथे काम मुलांनी सुरू केलेलं असतं आणि निर्णय दोघं मिळून घेतात. काही गोष्टी तर मतदानाला टाकायच्याच नसतात. पालकांची लेखी परवानगी, प्रवासाची सोय, प्रथमोपचार, कोणतीही मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत न राहण्याचा नियम हे सगळं मोठ्यांनी सांभाळायचं. उपक्रम फसतोय असं दिसलं तर फसू द्या. कोणाला इजा होईल असं वाटलं तर त्याच क्षणी थांबवा.

छान बोलतो, म्हणून अध्यक्ष

निवडणुकीत भाषण करणारा जिंकतो आणि पुढचं वर्षभर एकटा राबतो. बाकीच्यांना वाटतं, त्याला हौस आहे. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा विसेक मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच एक नायक दिला. म्हणजे पाच-सहा जणांमागे एक जबाबदार मुलगा. ही युक्ती आजही चालते. चाळीस जणांच्या क्लबला एका तडफदार अध्यक्षापेक्षा सात लहान तुकड्यांचे सात नायक हवेत. त्यात एखादा अबोल मुलगा असतोच, जो सामानाची यादी कधी चुकवत नाही. त्याला तुकडी देऊन बघा.

वयाचंही भान ठेवा. लायन्सच्या युवा शाखेत, म्हणजे लिओ क्लबमध्ये, 12 ते 18 वयाचे अल्फा आणि 18 ते 30 चे ओमेगा असे वेगळे गट असतात. रोटरीच्या तरुणांसाठीच्या रोटरॅक्टने मात्र 2020 मध्ये 30 वर्षांची वरची अट काढली. अनुभवी माणसं टिकली हे चांगलंच, पण नुकतीच आलेली अठरा वर्षांची मुलगी पस्तिशीतल्या सभासदासमोर हात वर करेलच असं नाही. अशा क्लबात काही पदं नवख्यांसाठी राखून ठेवलेली बरी.

फोटो निघाला, उपक्रम संपला

रोपं लावली, पाणी कोण घालणार हे ठरलंच नाही. रोटरीच्या शाळकरी मुलांसाठीच्या इंटरॅक्ट क्लबकडून वर्षाला किमान दोन उपक्रमांची अपेक्षा असते: एक शाळेला किंवा परिसराला उपयोगी पडणारा, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढवणारा. दोनच. तरीही क्लब दर महिन्याला नवा 'दिन' साजरा करत सुटतात. सेवेच्या तासांची सक्ती असेल तर आणखीच बिघडतं, कारण मुलं घड्याळाकडे बघून झाडू मारतात. तास मोजायचेच असतील तर आखणी, चौकशी आणि हिशेबाचेही मोजा.

वर्ष बदललं की पाटी कोरी

किवानिस या सेवासंस्थेचा शालेय 'की क्लब' 1925 मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या शाळेत सुरू झाला, लिओ 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियात, इंटरॅक्ट 1962 मध्ये फ्लोरिडात. तिघांचा जन्म शाळेतला, त्यामुळे एक अडचण जन्मापासूनच सोबत आली: चार-पाच वर्षांत सगळे सभासद बदलतात. आठवण धरून ठेवणारं कोणी उरत नाही. नव्या सचिवाला मागची फाईल कुठे आहे ते माहीत नसतं आणि ज्या संस्थेसोबत काम चालू होतं तिला वाटतं, मुलं कंटाळून गेली.

पदग्रहणाच्या दिवशी बिल्ला आणि हार देऊन कार्यभार हातात येत नाही. रोटरी आणि लायन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. तिथल्या क्लबांनी पुढची कार्यकारिणी निदान दोन महिने आधी निवडावी, म्हणजे मे-जूनमध्ये जुना आणि नवा खजिनदार एकत्र बसून हिशेब लिहितील. एक साधी वही ठेवा. कोणाला भेटायचं, कुठली परवानगी किती दिवसांत मिळते, काय फसलं आणि का, हे मावळत्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यात लिहायचं. आमच्या वहीत एका जुन्या सचिवाने लिहून ठेवलंय: "सभागृहाची किल्ली शिपाईकाकांकडे असते, मुख्याध्यापकांकडे नाही. मला हे नोव्हेंबरमध्ये कळलं."