९९ टक्के तेलात गेलं, पण वेगळं काय झालं?

एमएस्सी संपवून मी नवी मुंबईत एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, मग रबाळेला उतरून एमआयडीसीत पायी. काम होतं जुन्या हार्ड डिस्कच्या चुंबकांतून मिळालेल्या दुर्मिळ मृदांचं, म्हणजे गुणांनी एकमेकांसारख्या असलेल्या 'रेअर अर्थ' धातूंचं. लोह आधीच काढलेलं असे. माझ्या वाट्याला निओडिमियम आणि प्रासिओडिमियम यांची फारकत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यातला धातू तेलात ओढून घेणं, करायचं ते केरोसिनमध्ये विरघळवलेल्या डी-टू-ई-एच-पी-ए या आम्लधर्मी रसायनाने. लॅबमध्ये त्याला सगळे 'डेहपा'च म्हणतात. सेपरेटिंग फनेलमध्ये एकेक भाग तेल आणि पाणी घ्यायचं, हलवायचं, मधूनमधून तोटी उघडून आतला दाब सोडायचा आणि थर वेगळे होईपर्यंत थांबायचं. मधल्या रेषेवर गढूळ फेसासारखा थर राहिला असेल तर घाईने तोटी फिरवू नका. तोच थर पुढचे सगळे आकडे बिघडवतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी मॅडमना आनंदाने सांगितलं, "९९ टक्के तेलात गेलं!" त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मला सांगता येईना. मी आर्सेनॅझो-३ रंगद्रव्य घालून मोजत होते, आणि ते दोघांची बेरीज दाखवतं. कोण किती, हे नाही.

मॅडमनी वहीत मांडलेलं गणित मला आजही पाठ आहे. समजा, दोघांचं मिश्रण निम्मं-निम्मं आहे आणि दोघांना वेगळं करण्याचा गुणांक (सेपरेशन फॅक्टर) दीड आहे. पाण्याच्या तुलनेत तेलात प्रासिओडिमियम १ पट, निओडिमियम दीडपट. मग तेलात गेलं ५० टक्के प्रासिओडिमियम आणि ६० टक्के निओडिमियम, म्हणजे तेलातल्या निओडिमियमची शुद्धता साधारण ५४.५ टक्के. आता पीएच वाढवून तेच आकडे १०० आणि १५० करा. दोघंही ९९ टक्क्यांच्या वर तेलात जातात आणि शुद्धता राहते ५०.१! जास्त ओढलं म्हणजे जास्त वेगळं झालं, हा माझा समज तिथेच संपला.

एका टप्प्यात साडेचार टक्क्यांची कमाई, म्हणून कारखान्यात मिक्सर-सेटलरचे (तेल-पाणी घुसळून मग थर वेगळे होऊ देणाऱ्या टाक्यांचे) कितीतरी टप्पे एकापुढे एक लावावे लागतात. तेलात चुकून गेलेलं प्रासिओडिमियम सौम्य आम्लाने धुऊन परत पाण्यात पाठवायचं, ते स्क्रबिंग. मला विचाराल तर खरं कौशल्य इथेच आहे. आणि एक विसरू नका: डेहपा एक मृदा-आयन घेताना तीन हायड्रोजन आयन सोडतो, त्यामुळे पीएच आपोआप घसरतो. हलवण्याआधी घेतलेला पीएच वहीत लिहून भागत नाही, नंतरचाही लिहा.

मोजण्यासाठी आयसीपी, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्य वेगवेगळं मोजणारं उपकरण, मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर द्रावण पुरेसं घट्ट असताना साधा स्पेक्ट्रोफोटोमीटरही मदतीला येतो: प्रासिओडिमियम ४४४ नॅनोमीटरजवळ, निओडिमियम ५७५जवळ प्रकाश शोषतं.

वेगळं करण्याची दुसरी पद्धत आयन एक्स्चेंज: नळीत भरलेल्या रेझिनच्या दाण्यांवर आयन धरून ठेवायचे आणि एकेक करून पुढे सरकवायचे. हे काम संथ. हे तंत्र १९४०च्या दशकात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावी रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने वाढवलं. तांब्याचे आयन धरलेला (ताम्र-रूपातला) रेझिन, वरून धातूंचे आयन पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएचं द्रावण. निओडिमियमला ईडीटीए जरा घट्ट धरतं, म्हणून ते पुढे सरकतं. नळीत खाली जांभळट पट्टा, त्याच्या वर हिरवा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले. पुढच्या वेळी गेले, तर द्रव रेझिनच्या खाली उतरला, हवेचे बुडबुडे शिरले, पट्टे तिरके झाले आणि तीन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. रेझिनवर बोटभर द्रव कायम राहू द्या. जांभळा आणि हिरवा जिथे एकमेकांत मिसळतात, तो अंश वेगळ्या बाटलीत धरा आणि पुढच्या खेपेला पुन्हा नळीवर चढवा.