गोव्याच्या उन्हात रेटिनॉइड मलम वापरताना

मुरूम, त्यांचे राहिलेले डाग आणि उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्या यांवर त्वचारोगतज्ज्ञ जी मलमे लिहून देतात, त्यांत अ जीवनसत्त्वाच्या कुळातील रेटिनॉइड वर्गाचे स्थान वरचे आहे. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मुरुमांसाठी १९७१ साली मान्यता मिळाली. म्हणजे हे औषध नवे नाही आणि त्याचे गुणदोषही चांगले माहीत झालेले आहेत. तरीही चेहरा लाल झाला, सोलून निघाला, म्हणून अर्धी ट्यूब टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील बहुतेकांनी मलम गरजेपेक्षा जास्त घेतलेले असते, किंवा पहिल्याच आठवड्यात ते रोज लावलेले असते.

प्रथम ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचावे. ट्रेटिनॉइन ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के अशा तीव्रतांत मिळते. ॲडापालिन बहुधा ०.१ टक्के असते आणि नवख्या त्वचेला ते तुलनेने सोसवते. टॅझारोटिन अधिक तिखट. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळणारे रेटिनॉल त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्याने रेटिनॉइक आम्लात बदलते, म्हणून त्याचा परिणाम सौम्य व सावकाश असतो. ज्या ट्यूबच्या वेष्टनावर डाव्या कडेला तांबडी उभी रेघ आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा समजही सोडून द्यावा. उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ०.०२५ आणि ०.१ टक्के ट्रेटिनॉइनची तुलना झाली, तेव्हा सुधारणा जवळपास सारखीच दिसली; जळजळ मात्र ०.१ टक्क्याने पुष्कळ अधिक केली.

वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट चट्ट्यांवर, मिळणाऱ्या मिश्र मलमांविषयी इथे जरा थांबून सांगणे आवश्यक आहे. त्यांत ट्रेटिनॉइनसोबत डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड असते. डॉक्टर ते ठरावीक मुदतीसाठी, साधारणपणे आठ आठवड्यांपर्यंत, देतात आणि त्या मुदतीत त्याचा उपयोगही होतो. अडचण पुढे सुरू होते. चेहरा उजळलेला पाहून शेजारीण नाव विचारून घेते, फार्मसीत जाऊन तेच क्रीम मागते आणि वर्षभर पावडरीसारखे लावत राहते. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, गालांवर तांबड्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम बंद केले की चेहरा पेटतो. मग ते पुन्हा लावल्याखेरीज राहवत नाही. घटकांच्या यादीत मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा बीटामेथासोन असे नाव दिसले तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते चेहऱ्याला लावू नये. आधीच कित्येक महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खाजगी डॉक्टर परवडत नसल्यास बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभागाची ओपीडी आहेच.

आता लावण्याची रीत. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, पंच्याने न घासता टिपून घ्यावा आणि वीस ते तीस मिनिटे तसाच कोरडा होऊ द्यावा, कारण ओलसर त्वचेत मलम अधिक मुरते आणि अधिक झोंबते. संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढे मलम पुरते. हे प्रमाण बोटावर पाहिले की बहुतेकांना कंजुषी वाटते, ती करावी. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर त्याचे ठिपके देऊन हलक्या हाताने पसरावे. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खाचा सोडाव्यात. तिथे आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवले तर पसरलेले मलम साचत नाही. केवळ उठलेल्या मुरुमावर टिकली लावल्यासारखे ते लावण्यात फारसा अर्थ नाही, कारण औषधाचे खरे काम नवे मुरूम उगवू न देण्याचे आहे.

पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनच रात्री लावावे आणि त्वचा कुरकुरत नसेल तरच रात्री वाढवाव्यात. नाजूक त्वचा असलेल्यांनी आधी मॉइश्चरायझर, त्यावर मलम आणि पुन्हा मॉइश्चरायझर असा क्रम ठेवावा. आपल्या दमट हवेत मॉइश्चरायझर कशाला, असा प्रश्न हमखास येतो. घामाने चेहरा ओला असला तरी आतली त्वचा कोरडी असू शकते, आणि पणजीत पाटोवरच्या एसी कार्यालयात आठ तास बसणाऱ्यांना हे लवकर कळते. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले पातळ लोशन घ्यावे. खोबरेल आपल्या घराघरांत असते, तथापि मुरुमांच्या चेहऱ्यावर ते नको. त्याने छिद्रे तुंबतात.

थोडी साल निघणे, ओढल्यासारखे वाटणे आणि सुरुवातीला मुरूम किंचित वाढणे अपेक्षित आहे. असे झाल्यास दोन-तीन रात्री विश्रांती देऊन पुन्हा संथपणे सुरू करावे. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, डागांना त्याहून अधिक. सूज, फोड, पाणी सुटणे किंवा डोळ्यांची आग हे मात्र ‘सुरुवातीला होतेच’ या सबबीखाली खपवून घेऊ नये. मलम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या काळात स्क्रब, लिंबाचा रस, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाची उत्पादने बाजूला ठेवावीत. बेंझॉइल पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनच्या बऱ्याच मलमांना निकामी करते, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही दिली असतील तर एक सकाळी व एक रात्री लावावे. ॲडापालिनला ती अडचण नाही. लग्नसराईत ब्लीच, फेशियल किंवा चेहऱ्याचे वॅक्सिंग ठरले असेल तर निदान आठवडाभर आधी मलम बंद करावे आणि पार्लरमध्ये तसे सांगावे, नाहीतर मेणाबरोबर त्वचेचा पापुद्राही निघून येतो.

उन्हाची बाब गोव्यात सर्वांत कठीण. आपण साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. एप्रिल संपून मे लागताना आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असतो. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून लोक सनस्क्रीन कपाटात ठेवतात, परंतु अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतून खाली येतो. रेटिनॉइडने त्वचेचा वरचा थर पातळ झालेला असल्याने ती लवकर भाजते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर भाजल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे, बाहेर असल्यास दर दोन तासांनी आणि समुद्रात डुंबून आल्यावर लगेच पुन्हा लावावे. स्कूटर चालवताना हेल्मेटची काच उघडी ठेवणाऱ्यांनी नाक व गाल विशेष जपावेत. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही चालू असतील तर खबरदारी दुप्पट हवी, कारण त्या गोळ्याही ऊन बाधू देतात.

गरोदरपणात, किंवा मूल होण्याचे ठरवले असल्यास, ही मलमे लावू नयेत. तोंडाने घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भात व्यंग येते हे सिद्ध आहे; मलमातून औषध रक्तात फार थोडे उतरते, तरी जोखीम घेण्याचे कारण नाही. नकळत लावले गेले असेल तर घाबरून न जाता बंद करावे आणि प्रसूतितज्ज्ञांना सांगावे. अंगावर पाजणाऱ्या आयांनीही आधी विचारून घ्यावे.

ट्यूब थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या खणात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. प्रकाशाने ट्रेटिनॉइन विघटित होते, आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरलेली ट्यूब नंतर वापरण्याच्या लायकीची राहत नाही. डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली, पार्लरमधून आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावी. नुसते ‘ते पांढरे क्रीम’ म्हटल्याने त्यात स्टेरॉइड आहे की नाही हे त्यांना कळू शकत नाही.